जुनी शिडाची बोट विदर्भातल्या धरणावर ठेवायची असेल तं

मुंबई-गोव्याकडं जुन्या शिडाच्या बोटी कधीमधी बऱ्या भावात निघतात, मालकाचं वय झालेलं असते नाही तं पोरं परदेशात गेलेली असतात, आणि आपल्याकडं वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं एवढं मोठं पाणी आहे, गोसीच्या भिंतीपासून वर अंभोऱ्यापर्यंत अन् त्याच्याही पुढं, म्हणून हल्ली कोणी ना कोणी विचारत असते का भाऊ अशी बोट आणली तं तिच्यामागं काय काय करावं लागते. एकदाच लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट. या विषयावर जे वाचायला-पाहायला मिळते ते जवळपास सगळं समुद्रवाल्यांचं, खाऱ्या पाण्याचं. आपल्याकडं मीठ नाही. आपल्याकडं ४५ डिग्रीचं ऊन आहे, उन्हाळ्यात खाली जाणारं पाणी आहे अन् पाण्याखाली उभी राहिलेली बुडीत झाडं आहेत. त्यामुळं पैसा आधी कुठं टाकायचा याचा क्रमच बदलतो, समुद्रवाले ज्याच्यावर दरवर्षी खर्च करतात त्यातलं बरंच आपल्याला लागत नाही आणि ते ज्याकडं पाहत पण नाहीत ते आपली बोट खाऊन टाकते.

घेण्याआधी

वीस-बावीस फुटाची, छोटी केबिन असलेली, किल वर उचलता येणारी आणि ट्रेलरवर चढणारी बोट पाहजा. किल म्हणजे बुडाखालचं ते जड पातं, ज्याच्यामुळं बोट वाऱ्यात आडवी होत नाही. खाली कायमची घट्ट बसवलेली चार-पाच फुटाची किल असली तं आपल्या कामाची नाही, मग ती कितीही स्वस्त का असेना. उन्हाळ्यात काठाजवळ पाणी राहत नाही, काठावर बोट उचलायला कायमची क्रेन नाही, आणि बुडालेल्या एखाद्या मोहाच्या नाही तं बाभळीच्या खोडावर ती किल आदळली तं जिथं ती बोटीला जोडलेली असते तिथंच फायबर चिरते.

बोट पाहायला जाताना जुनं जाड पाच रुपयाचं नाणं खिशात ठेवजा. डेकवर, म्हणजे बोटीच्या वरच्या पाटावर, वीतभर अंतरानं ते नाणं ठोकत ठोकत जायचं. चांगल्या जागी आवाज टणक येते, सडलेल्या जागी बद्द येते, फरक लहान पोराला पण कळते. मास्टच्या म्हणजे शिडाच्या खांबाच्या बुडाशी, खिडक्यांच्या कडेला, खांब-कड्या जिथं जिथं स्क्रूनं बसवल्या आहेत तिथं जास्त ठोकजा. बद्द आवाजाची जागा खडूनं घेरत चला आणि शेवटी मालकासमोर उभं राहून ते खडूचे गोल दाखवजा, भाव आपोआप खाली येते.

मग केबिनमध्ये शिरून आतून पाहायचं. मास्टला ताणून धरणाऱ्या तारा बोटीला जिथं येऊन बांधल्या जातात त्या स्टीलच्या पट्ट्यांना चेनप्लेट म्हणतात, त्या डेकमधून खाली येतात तिथं तपकिरी ओघळ दिसला तं पाणी मुरते आहे असं धरून चला, आणि ती पट्टी बाहेर काढून पाहिल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नका. स्टेनलेस स्टील उघड्या हवेत चांगलं राहते पण डेकच्या मधात ओल्या अंधारात, जिथं हवा लागत नाही, तिथं ते आतल्या आत खातं आणि वरून चकचकीतच दिसते. रडर, म्हणजे मागचं सुकाणू, हातानं हलवून पाहजा, ढिला आहे का, आणि बोट बाहेर काढलेली असली तं रडरच्या खालच्या कडेतून पाणी झिरपते का. शिडं मैदानावर पूर्ण पसरवून पाहजा, गुंडाळी पाहून "चांगली आहेत" यावर जाऊ नका.

इंजिनाचं सगळ्यात शेवटी पाहायचं. लोक उलटं करतात, आधी इंजिन चालू करून पाहतात आणि खूश होतात. इंजिन बदलता येते, सडलेली डेक बदलायला आख्खा हिवाळा जाते.

आणताना

आता समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर, त्यामुळं आणणं सोपं वाटते, पण जुन्या बोटीसोबत जुनं ट्रेलर येते हे ध्यानात ठेवजा. बोट हलवण्याआधी चाकांचे बेअरिंग उघडून जुनं ग्रीस पुसून नवं भरायचं, टायर बाहेरून नवे दिसत असले तरी बाजूला बारीक भेगा असल्या तं बदलायचे, कारण सिमेंटच्या तापलेल्या रोडवर जुनं टायर फुटते आणि वर दीड-दोन टन बोट आहे. दर शंभरेक किलोमीटरला थांबून हबला हात लावून पाहजा. हात ठेवता येत नसेल इतकं गरम असलं तं बेअरिंग चाललं समजा. आणि धरणाच्या काठावर पोचल्या पोचल्या गरम चाकं पाण्यात घालू नका, गरम हब थंड पाण्यात गेला का आतली हवा आकसते आणि पाणी सीलमधून आत ओढलं जाते. अर्धा तास चहा पिऊन घ्या.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. मास्ट ॲल्युमिनिअमचा असते, पंचवीस-तीस फूट उंच, आणि आपल्या गावातल्या, शेतातल्या लाइनी कशा लोंबलेल्या असतात ते सांगायला नको. काठावर मास्ट उभा करण्याआधी वर पाहजा. ज्या जागी उभा करणार ती जागा, तिथून पाण्यापर्यंतची वाट, दोन्ही पायी चालून वर पाहत जायचं. ११ केव्हीच्या तारेला मास्ट टेकायची पण गरज नाही, जवळ गेला तरी करंट उडी मारते. उभा मास्ट घेऊन ट्रेलर ढकलायचा नाही म्हणजे नाही, आडवा करून न्यायचा, पाण्याजवळ नेऊन उभा करायचा.

डेक आणि बूड

फायबर सडत नाही असं लोक म्हणतात, वरवर ते खरं पण आहे, पण डेक नुसत्या फायबरची नसते. दोन पातळ थरांच्या मधात बाल्सा नावाचं हलकं लाकूड नाही तं प्लायवूड असते, त्याच्यानं डेक हलकी अन् टणक राहते. मागच्या मालकानं कुठंतरी एक कडी बसवली, स्क्रूच्या भोकात नीट सीलंट भरलं नाही, आणि मग वीस वर्षं पावसाचं पाणी त्या एका भोकातून मधल्या लाकडात जात राहते.

जागा लहान असली तं काम घरी होते. स्क्रू काढजा. भोक स्क्रूच्या दुप्पट मोठं करजा, पण खालचा फायबरचा थर फोडू नका. ड्रिल मशीनमध्ये काटकोनात वाकवलेला खिळा लावून भोकात फिरवला का आतलं ओलं काळं लाकूड चहूबाजूंनी भुसा होऊन निघते, बोटभर आत जाईपर्यंत फिरवत राहायचं. मग वाळू द्यायचं, खरंच वाळू द्यायचं, इथं आपल्या उन्हाचा पहिला आणि जवळपास शेवटचा फायदा. पूर्ण वाळलं का आधी पातळ इपॉक्सी (हार्डनर कालवला का घट्ट होणारं रेझिन) ओतून लाकडाला पिऊ द्यायची, नंतर सिलिका पावडर घालून दाट केलेली इपॉक्सी भरून टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या घट्ट झालेल्या गोळ्यात स्क्रूचं नवं भोक पाडायचं. आता पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत जात नाही. कडी परत बसवताना खाली बुटाइल टेप लावजा. हार्डवेअरच्या दुकानात बाथरूमसाठी मिळते ती सिलिकॉनची ट्यूब लावू नका, ती काही वर्षांत सुटते आणि तिचा मेणचट थर राहून गेला का नंतर त्यावर रंग बसत नाही, इपॉक्सी पण बसत नाही.

सड मोठी असली, समजा दोन हात लांब, तं वरचा थर ग्राइंडरनं चौकोनी कापून उचलायचा, सडलेलं खरवडायचं, नवं लाकूड नाही तं फोम इपॉक्सीत बसवायचा आणि कापलेला थर परत चिकटवून सांध्यावर फायबरचं कापड मारायचं. यासाठी कारागीर लागते. आपल्याकडं फायबरच्या टाक्या, दरवाजे, उद्यानातले हत्ती-घोडे करणारे लोक आहेत, नागपुरात तं आहेतच, आणि त्यांचा हात चांगला असते, पण तो पॉलिस्टर रेझिनवर बसलेला असते आणि तिथं दोन गोष्टींवर डोळा ठेवावा लागते. पॉलिस्टरमध्ये हार्डनर थोडा कमीजास्त केला का वाळायचा वेग बदलते, टक्का-दोन टक्क्याच्या मधात ते चालते. इपॉक्सीत तसं अजिबात चालत नाही, डब्यावर जे माप लिहिलंय तेच, जास्त टाकला तं घट्ट व्हायच्या ऐवजी चिकट राहते. दुसरं म्हणजे ते नेहमी वापरतात ती चटईसारखी मॅट पॉलिस्टरमध्ये विरघळून बसेल अशी बनवलेली असते, इपॉक्सीसोबत विणलेलं कापड घ्या. आणि पॉलिस्टरचं काम चालू असलं तं कोबाल्टवाला ॲक्सिलरेटर (वाळायचा वेग वाढवणारा) आणि हार्डनर हे दोन कधीच एकमेकांत थेट ओतायचे नाहीत, स्फोट होते. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण कालवायचं, नंतर दुसरं. दोन्ही बाटल्या एका पिशवीत पण ठेवू नका.

आता उन्हाचं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता लिटरभर इपॉक्सी कालवली तं ब्रशला लागायच्या आधी ती डब्यातच तापते, धूर सोडते आणि दगड होते. थोडी थोडी कालवायची, उभ्या डब्यात न ठेवता पसरट थाळीत ओतायची म्हणजे उष्णता निघून जाते, स्लो हार्डनर मागवायचा, आणि काम उजाडल्या उजाडल्या उरकायचं. खरं म्हणजे हे काम दिवाळी झाल्यापासून होळीपर्यंतचंच. पावसाळ्यात केलं तं इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येते, तो पाण्यानं आणि स्कॉच ब्राइटनं धुतल्याशिवाय पॉलिश पेपर मारू नका, नाही तं तो थर घासून आत बसते आणि पुढचा हात सुटून येते.

बुडाला फोड आले असतील तं त्याची गोष्ट ऐकून लोकांना नवल वाटते. फायबरला येणारे हे फोड गोड्या पाण्यात खाऱ्यापेक्षा लवकर येतात, आणि कोमट पाण्यात आणखी लवकर. जेलकोटमधून, म्हणजे फायबरच्या वरच्या चकचकीत थरातून, पाणी आत मुरते, आत विरघळणारं जे काही असते त्याच्याशी मिळून दाट द्राव होते, मग ते बाहेरचं पाणी आणखी ओढते, आणि बाहेरचं पाणी जितकं गोडं तितकी ही ओढ जास्त. म्हणजे आपलं धरण फोडांसाठी समुद्रापेक्षा वाईट. फोड फोडायचा, आतलं आंबूस पाणी धुवायचं, बोट काही महिने बाहेर वाळत ठेवायची, इपॉक्सीचं फिलर भरायचं आणि वरून सगळ्या बुडाला इपॉक्सीचे पाच-सहा हात द्यायचे. उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा बोट बाहेर काढावीच लागते, तेच बुडाचं वाळवण समजा.

उलट शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून समुद्रवाले जो महागडा विषारी रंग लावतात तो आपल्याला लागत नाही. आपल्याकडं शेवाळ येते, ते झाडूनं निघते. तो पैसा इपॉक्सीत घाला. आणि बोटीसोबत किंवा इंजिनावर झिंकचे तुकडे लावलेले असतील, गंज स्वतःवर ओढून घेणारे, तं ते बदलून मॅग्नेशिअमचे लावजा, गोड्या पाण्यात झिंकवर पापुद्रा धरते आणि ते कामच करत नाही.

बुडाला जुन्या संडासाची, सिंकची भोकं असतील तं ती कायमची भरून टाकजा. वीस फुटाच्या बोटीत तो संडास तसाही कोणी वापरत नाही, आणि वैनगंगेचंच पाणी कितीतरी गावं पितात, त्यात घाण सोडायची नाही. बादली ठेवा, काठावर नेऊन खड्ड्यात टाका.

किल

बोट एकदा तरी हवेत उचलून किल पूर्ण खाली सोडून पाहायची. घराच्या, पुलाच्या कामावर हायड्रा (फिरती क्रेन) येते तिला तासाभरासाठी बोलवा, रुंद पट्टे लावजा, साखळी नको. किल ज्या जाड पिनवर फिरते ती पिन काढून तिला मधात झीज आहे का ते पाहायचं, भोक लांबट झालंय का ते पाहायचं. किल उचलणारी तार दर दोन-तीन वर्षांनी बदलून टाकायची, ती स्वस्त आहे आणि ती तुटली तं दोनशे-तीनशे किलोचं लोखंड धाडकन खाली येऊन केबिनमधली किलची पेटी फोडते. किल खाली असताना पिन लावून लॉक करायची सोय असते, समुद्रात ती लावतात. बुडीत झाडांच्या भागात ती मोकळी ठेवायची का लावायची यावर मतं दोन आहेत. माझं मत, पाच-सहा फुटापेक्षा कमी पाण्यात, हळू चालताना मोकळी, म्हणजे खोडाला लागली तं किल वर उचलली जाते. उघड्या पाण्यात, वारा जोराचा असला तं लावलेली, कारण बोट फारच कलली तं मोकळी किल आत पडू शकते आणि मग बोट सरळ व्हायची नाही.

तारा अन् मास्ट

मास्टच्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवजा. कापूस आपल्या घरी असतोच. तारेचा एखादा तंतू तुटून वर आला असला तं कापूस तिथं अडकते, हाताचं बोट फिरवलं असतं तं रक्त निघालं असतं. एक तंतू तुटलेला सापडला तरी ती तार गेली, आणि एक गेली म्हणजे तिच्या वयाच्या बाकीच्या पण. दहा ते पंधरा वर्षांनी सगळ्याच बदलायच्या असा सर्वसाधारण हिशोब आहे. तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या नळीवर भिंगानं पाहजा, उभी केसासारखी भेग असली तं तिथूनच तुटते.

बदलताना एक ऐकजा. बोअरमध्ये मोटर सोडायला मिळते तो स्टीलचा दोर स्वस्त असते आणि गावातला कोणीतरी हमखास म्हणते "हाच लाव नं, काय फरक पडते". पडते. तो वाकणारा दोर आहे, ताण आला का लांबते, मास्ट हलत राहते. मास्टला १×१९ जातीची कडक तार लागते, ३१६ ग्रेडची, म्हणजे एकोणीस तंतूंची एकच वळण. ती मुंबईहून मागवा, टोकं तिकडूनच दाबून आणा, जुन्या तारा मापाला पाठवून द्यायच्या.

तारा ताणायच्या टर्नबकलमधल्या बारीक पिना दर मोसमात नव्या टाकायच्या, टोकं वळवून वर टेप गुंडाळायचा. एका पिनेपायी आख्खा मास्ट खाली येऊ शकते.

मास्ट आडवा असताना त्यात पाणी मारून पाहजा. कुंभारमाशी चिखलाचं घर आत करते, खार पण आत शिरते, आणि मास्टमधल्या दोऱ्या अडकतात. इंजिनाच्या पाण्याच्या बारीक भोकात पण ती माशी चिखल भरते.

शिडं, दोऱ्या, आणि ऊन

शिडाचं कापड पॉलिस्टरचं असते, ते तगते. आधी जातो तो दोरा. टाक्यांवर नख घासजा, दोरा पिठासारखा निघाला किंवा नखानं तुटला तं सगळ्या शिवणी परत मारायच्या आहेत. हे काम ताडपत्री, तंबू, बसच्या सीटा शिवणाऱ्याकडं होते, झिगझॅग मशीन असली म्हणजे झालं, फक्त दोरा आपण द्यायचा, जाड पॉलिस्टरचा, उन्हात टिकणारा, त्याच्याकडचा नायलॉनचा नको. जुन्या टाक्यांच्या शेजारून नवी ओळ मारायला सांगजा, जुन्या भोकांतून नाही. शिड धुवायचं तं अंगणात पसरवून साध्या पाण्यानं, थोडा साबण, मऊ ब्रश. वॉशिंग मशीन नको. पूर्ण वाळवून सैल गुंडाळी करायची, आणि धान ठेवतो त्या खोलीत ठेवू नका, उंदरं एका रात्रीत पाच पदरी भोक पाडतात. पत्र्याच्या कोठीत ठेवा.

दोऱ्यांचं असं आहे का कृषी केंद्रात जो निळा-पिवळा दोर मिळते तो पॉलिप्रॉपिलीनचा, तरंगते म्हणून लोकांना आवडते, पण आपल्या उन्हात एका वर्षात काटेरी होऊन हातात भुगा येते. शिड वर ओढायला पॉलिस्टर, कारण तो ताणत नाही. नांगराला नायलॉन, कारण तो ताणते आणि झटका खाऊन घेते. जुनी दोरी एका टोकाला झिजली असली तं उलटी करून लावा, आणखी दोन मोसम निघतात.

ज्याच्याबद्दल समुद्रवाले दोन ओळी लिहितात आणि आपल्याला आख्खं प्रकरण पायजे ते म्हणजे सावली. मार्च ते जून बोट उघडी ठेवली तं जेलकोट खडूसारखा पांढरा सुटते, खिडक्यांचं ॲक्रेलिक तडकते, सीलंट आकसते, आणि पहिल्या पावसात सगळीकडून गळते. लोक ताडपत्री घट्ट गुंडाळून टाकतात. त्यानं बोट आतून उकडते, आणि पावसाळ्यात बुरशी. त्यापेक्षा संत्र्याची, मिरचीची रोपं ज्याखाली ठेवतात ती ७५ टक्क्याची शेडनेट घ्या. बुरडाकडून बांबूच्या पातळ पट्ट्या आणून बोटीच्या आडव्या कमानी करजा, हातभर उंच, दोन्ही कडांना दोरीनं बांधलेल्या, त्यावर शेडनेट ताणून खाली डेकपासून वीतभर मोकळं सोडायचं. वारा खालून वाहते, डेकवर अनवाणी पाय ठेवता येते. मृगाच्या आधी त्याच कमानींवर शेडनेटच्या वरून ताडपत्री चढवायची, दोन्ही टोकं उघडी ठेवून. शेडनेट तीन-चार उन्हाळे जाते, मग बदलायची. गावात वानरं असतील तं कमानी जरा मजबूत करजा, त्यांना बोटीचं छत भलतंच आवडते.

बाहेर ठेवलेल्या बोटीचा बुडाचा प्लग काढून ठेवायचा हे सांगायची गरज नसावी पण सांगतो, पावसाळ्यात बोट आतून भरते. आणि पहिल्यांदा लॉकर उघडताना काठीनं उघडा, हात घालू नका, साप थंड जागा शोधतच असते.

इंजिन

पाच-सहा हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन, पुरे होते, पण लाँग शाफ्ट म्हणजे २० इंचाचं घ्या. डोंग्याला लावतात ते १५ इंचाचं लाटेत पाण्याबाहेर येऊन नुसतं किंचाळते.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळते. ते हवेतलं पाणी ओढते, जास्त दिवस राहिलं तं खाली पाणी-इथेनॉल वेगळं बसते, आणि जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या फुगून चिकट होतात. म्हणून नळ्या नव्या, इथेनॉल चालणाऱ्या टाका, टाकी आणि इंजिनाच्या मधात पाणी वेगळं करणारं फिल्टर लावा, आणि बोट दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तं कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. उरलेलं पेट्रोल मोटरसायकलमध्ये संपवायचं.

इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या पंपात रबराचा पंखा असते, इम्पेलर. दर एक-दोन वर्षांनी बदलायचा. इंजिन कोरडं चालवायचं नाही, अर्ध्या मिनिटासाठी पण नाही. घरी चालवून पाहायचं तं दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमात पाणी भरून त्यात. मागून पाण्याची धार आली पायजे. गिअर ऑइल दुधासारखं निघालं तं सील गेलं. प्रोपेलर काढून मागं पाहत जा, आपल्याकडं जाळ्यांचा नायलॉन धागा तिथं गुंडाळून सील कापते, आणि नाग नदीचं पाणी जिथून येते त्या बाजूला जलपर्णी इतकी असते का इंजिनाचं तोंडच बंद होते.

वीज

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी बोटीत टाकू नका, बोट कलली का ॲसिड सांडते. सीलबंद घ्या, आणि तिला इंजिनाजवळ किंवा डेकच्या अगदी खाली न ठेवता तळाशी थंड जागी बांधा, उष्णता दर आठ-दहा डिग्रीनं वाढली का शिशाच्या बॅटरीचं आयुष्य जवळपास अर्ध्यावर येते. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर वीतभर अंतराच्या आत फ्यूज पायजे. पन्नास वॅटचं सोलर पॅनल, साधा कंट्रोलर, दोन एलईडी, मोबाइलचा चार्जर, बस. पाणी उपसायचा ऑटोमॅटिक पंप मात्र मेन स्विचच्या मागं न लावता स्वतःच्या फ्यूजवरून थेट बॅटरीला, म्हणजे तुम्ही घरी असतानाही तो चालते. वायरी कलई केलेल्या घ्या, जोड क्रिम्प करा, नुसत्या पिळून टेप मारू नका.

सामान

लाइफ जॅकेट जितकी माणसं तितकी, आणि अंगावर. नांगर दोन. एक रुंद पात्यांचा, काळ्या मातीत तो छान धरते, काऊनकी धरणाखाली आपली वावरंच आहेत. नांगराच्या डोक्याला वेगळी पातळ दोरी बांधून तिला रिकामी कॅन तरंगत सोडजा, खोडात अडकला तं उलट्या बाजूनं ओढून निघते. खोलीच्या पाचपट तरी दोर सोडायचा. वल्ही एक जोडी. पाण्याला २० लिटरचा आरओचा जार. स्वयंपाक काठावर करा, केबिनमध्ये पाच किलोचं सिलिंडर ठेवू नका, गॅस हवेपेक्षा जड असते, गळला तं बोटीच्या बुडात साचून बसते आणि बाहेर जायला वाटच नसते. पेट्रोलच्या वाफेचं पण तेच.

शिडाला रीफ घ्यायची सोय, म्हणजे शिड लहान करायची, हिवाळ्यात कधी लागत नाही. हिवाळ्यात वाराच नसते, मोठं जिब म्हणजे पुढचं शिड असलं तं बोट हलते. पण मे-जूनमध्ये दुपारनंतर वारं-वावधन उठते, धुळीची भिंत दिसली का दहा मिनिटांत अंगावर येते. शिड खाली, किल खाली, नांगर. वीज कडकडायची चिन्हं असली तं पाण्यावर राहूच नका, उघड्या पाण्यात सगळ्यात उंच तुमचा मास्टच असते. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाइलमध्ये ठेवा आणि निघायच्या आधी पाहा. आत अडकलात तं मास्ट आणि तारांना हात लावू नका.

परवानगीचं जलसंपदा विभागाकडं विचारायचं, नोंदणीचं इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ खाली पाहायचं, आणि मासेमारी सोसायटीच्या लोकांना आधी भेटायचं. बुडालेली झाडं, जुन्या गावांच्या भिंती, कोणत्या महिन्यात कुठं किती पाणी, हे ढिवर बांधवांइतकं कोणालाच माहीत नाही, आणि जाळी कुठं टाकली आहेत ते पण तेच सांगतात. जाळ्याच्या तरंगणाऱ्या बाटल्या दिसल्या तं इंजिन न्यूट्रल करून, वर उचलून, शिडावर नाही तं वल्ह्यावर पार करा. किल पण वर. जाळं फाटलं तं जागच्या जागी पैसे देऊन टाकजा.

पावसाळ्यात गोसीखुर्दच्या ३३ दारांपैकी काही उघडली का भिंतीच्या बाजूला ओढ लागते, त्या दिवसांत बोट काठावर, ट्रेलरवर, जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना दोन्हीकडून बांधलेली पायजे, आणि ट्रेलर पुराच्या रेषेच्या वर.